बिघडलेला पियानो, जमलेली मैफल

जॅझ म्हटलं की आपल्यापैकी पुष्कळजणी बिचकतात. "आपल्याला बाई त्यातलं काही कळत नाही," म्हणून मोकळ्या होतात. पण मैत्रिणींनो, पाहुणे दारात आणि डब्यात डाळ मूठभर, असा प्रसंग जिनं निभावला आहे, तिला आज सांगते ती मैफल नक्की कळेल.

२४ जानेवारी १९७५. त्या वेळच्या पश्चिम जर्मनीतलं कोलोन शहर. तिथल्या ऑपेरागृहात कीथ जॅरेट या २९ वर्षांच्या अमेरिकन पियानोवादकाचा कार्यक्रम होता. आधी काही न ठरवता, समोर कागद न ठेवता, एकट्यानं बसून सुचेल ते वाजवायचं, ही त्याची रीत. कार्यक्रम ठरवला होता व्हेरा ब्रांडेस या अवघ्या १८ वर्षांच्या मुलीनं. वेळ मिळाली रात्री साडेअकराची, ऑपेराचा खेळ संपल्यावरची. तरी सुमारे १४०० श्रोते यायचे होते.

आणि ऐनवेळी पाहतात तो काय, रंगमंचावर भलताच पियानो! मागितला होता मोठा, आला लहान. त्यातून बेसूर. वरचे सूर पत्र्यासारखे, खालचे दुबळे, पायाखालचे पेडलही धड चालेनात. प्रवासानं शिणलेल्या जॅरेटची पाठ दुखत होती. "मी वाजवणार नाही," म्हणाला. व्हेरानं गळ घातली, कारागिरांनी काही तास खपून पियानो जरा सुरात आणला, आणि तो बसला.

मग त्यानं काय केलं? वरचे कर्कश सूर शक्यतो टाळले आणि मधल्या पट्टीत मुक्काम ठोकला. खालच्या सुरांना जोर नव्हता, म्हणून डाव्या हातानं लहानसा बोल पुन्हापुन्हा घोळवत ठेवला, जात्याच्या घरघरीसारखा. त्यावर उजवा हात गात राहिला. पियानोत जे नव्हतं त्याची उणीव त्यानं अशी भरून काढली. त्या रात्रीच्या ध्वनिमुद्रणाची 'द कोलोन कॉन्सर्ट' ही जोडतबकडी त्याच वर्षी निघाली आणि तिच्या लाखो प्रती खपल्या.

आता ऐकायची कशी? कुकरच्या शिट्ट्या मोजत ऐकू नका. दुपारची आवराआवर झाली की निवांत बसा. पहिला भाग सुमारे २६ मिनिटांचा आहे. तो लांब वाटला तर शेवटचा, सात मिनिटांचा तुकडा आधी ऐका. पहिल्या खेपेला फक्त डावा हात ऐका, दुसऱ्या खेपेला उजवा. मधूनच कुणी कण्हल्या-गुणगुणल्यासारखं ऐकू येईल. यंत्र बिघडलं असं समजू नका. तो वाजवणाऱ्याचाच आवाज आहे!

प्रत्यक्ष मैफलीत मात्र हा गृहस्थ फार कडक. श्रोत्यांत कुणी खोकलं तरी वादन थांबवायचा. त्या क्षणी सुचलेलं त्या क्षणापुरतंच, असं तो मानी. म्हणूनच कोलोनचं वादन कागदावर उतरवायला त्यानं कित्येक वर्षं नकार दिला. १९९१ साली ते छापलं गेलं, तेव्हाही शेवटचा शब्द तबकडीचाच माना, असं त्यानं सांगितलं.

त्याची आणखी एक तबकडी सुचवते. १९९६ साली तो दीर्घ थकव्याच्या आजारानं अंथरुणाला खिळला. हळूहळू सावरत असताना, १९९८ मध्ये, नाताळची भेट म्हणून बायकोसाठी त्यानं घरीच काही जुनी गाणी वाजवून ठेवली. 'द मेलडी ॲट नाइट, विथ यू' हे तिचं नाव. त्यात कसरत नाही, चमत्कार नाही. नवख्या कानाला हीच आधी ऐकवावी.

२०१८ साली जॅरेटला अर्धांगाचे दोन झटके आले. डावा हात अधू झाला. २०२० मध्ये त्यानं स्वतःच सांगितलं, की पुन्हा मैफल करणं होईलसं वाटत नाही. कोलोनची रात्र ज्या हातानं तारली, तोच हा हात. तो प्रत्यक्ष ऐकण्याची संधी आता गेली. तबकडीत मात्र त्याचा घोळ अजून चालू आहे. पहिल्या खेपेला डावा हात ऐका म्हटलं, ते याचसाठी.