‘औषधच आहे’ म्हणण्यापूर्वी



गेल्या महिन्यात एकाच आठवड्यात दोन घरची माणसे माझ्याकडे येऊन गेली. दोन्ही घरे कष्टकऱ्यांची, दोन्ही दुःखे वेगळी. पण दोघांच्या तोंडचे वाक्य मात्र एकच होते, म्हणून हा लेख.

पहिली आली ती जिनिंगमध्ये कामाला जाणारी एक माउली. तिच्या आठ वर्षांच्या मुलाला मिरगीचा त्रास आहे. पदराआडून तिने एक लहान बाटली काढली आणि म्हणाली, ‘‘भाऊ, हे तेल पोराले लय चांगलं हाय म्हनते. गांजाच्या झाडाचंच हाय, पन औषधच हाय. मंग आता रोजच्या गोया कायले द्याच्या?’’ गावात आलेल्या एका एजंटाने तिला ती बाटली चोवीसशे रुपयांना दिली होती. तेल सुरू केले आणि गोळ्या तिने निम्म्यावर आणल्या होत्या.

दुसरे आले ते एका हमाल बांधवांचे कुटुंब. मुलगा एकोणीस वर्षांचा, आयटीआयला जाणारा. सहा-आठ महिन्यांपासून गांजा ओढतो. रात्र रात्र झोपत नाही, शेजारचे आपल्याच विषयी कुजबुजतात असे म्हणतो. बापाने रागावून विचारले, तेव्हा पोराने मलाच साक्षीला ओढले. ‘‘काका, तुम्हीच सांगा यांना. तो झाडपाला आहे. अमेरिकेत डॉक्टर लिहून देतात. औषधच आहे ते. आणि पंचशीलात दारू वर्ज्य आहे, गांजा कुठे आहे?’’

दोघेही एकाच झाडाला औषध म्हणत होते. मी काही डॉक्टर नाही, कचेरीतला कारकून आहे. पण हिशेब तपासायची सवय आहे. त्या सवयीने जे वाचले, डॉक्टरांना विचारून घेतले, ते आपल्यापुढे मांडतो.

झाड एक, माल तीन

आपल्या भागात अंबाडी सर्वांनाच ठाऊक आहे. जिच्यापासून सुतळी होते त्या अंबाडीचे शास्त्रीय नाव हिबिस्कस कॅनाबिनस. म्हणजे ‘गांजासारखी दिसणारी’. पान पंजासारखे फाटलेले असते म्हणून हे नाव पडले. नाते काही नाही, फक्त रूप सारखे. अंबाडीच्या भाजीने कोणाला नशा येत नाही, कारण नशा पानाच्या आकारात नसते. ती झाडाच्या आतल्या रसायनात असते.

गांजाच्या झाडापासून तीन प्रकारचा माल निघतो. पानांची भांग, मादी झाडाच्या फुलोऱ्याचा गांजा, आणि त्या फुलोऱ्यावरचा चीक गोळा केला की चरस. भांगेपेक्षा गांजा तेज, गांजापेक्षा चरस तेज. इंग्रज सरकारने १८९३-९४ साली याची चौकशी करायला एक कमिशन नेमले होते. त्याने देशभर हजाराहून अधिक साक्षी घेतल्या. त्या काळी आपला यवतमाळ जिल्हा वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई, आणि मध्य प्रांतात गांजाची शेती खांडव्याकडे होत असे. माफक सेवनाने फारसे नुकसान नाही, अतिसेवनाने आहे, असा त्या कमिशनचा निष्कर्ष निघाला. गांजाचे समर्थक आजही तो दाखवतात. पण एक गोष्ट ते सांगत नाहीत. त्या कमिशनला झाडाच्या आत काय आहे हेच ठाऊक नव्हते. ते कळायला पुढे सत्तर वर्षे लागली.

आत काय आहे?

१९६४ साली इस्रायलमधील शास्त्रज्ञ राफाएल मेशुलम आणि त्यांचे सहकारी गाओनी यांनी पोलिसांनी पकडलेल्या चरसातून नशेचा मूळ पदार्थ वेगळा काढला. त्याचे नाव टीएचसी. त्याआधी सीबीडी नावाचा दुसरा पदार्थ मिळालेला होता. अशा पदार्थांना कॅनाबिनॉइड म्हणतात. या एका झाडात ते शंभरावर आहेत. आपल्याला चार समजले तरी पुरे.

टीएचसी : नशा याचीच. कच्च्या पाल्यात तो बहुतांशी आम्लाच्या रूपात असतो, त्या रूपात नशा येत नाही. विस्तव लागला, तापवले, की त्याचा टीएचसी होतो. म्हणून लोक चिलमीत जाळतात, भांग तुपात-दुधात शिजवतात.

सीबीडी : याने नशा येत नाही. काही आजारांत याचा उपयोग सिद्ध झाला आहे. तो कोणता, ते पुढे येईल.

सीबीएन : गांजा जुना झाला की टीएचसीचाच हळूहळू हा होतो. नशा फार थोडी. याने झोप लागते अशी जाहिरात करतात, पण पुरावा कच्चा आहे.

कृत्रिम माल : हा झाडातला नव्हेच. कारखान्यात रसायन करून कुठल्याही पाल्यावर फवारतात. परदेशात ‘स्पाईस’, ‘के-टू’ या नावांनी विकला गेला. तो टीएचसीपेक्षा कितीतरी जोरदार असतो. त्याने झटके आले, माणसे दगावली. पुडीत काय आहे हे नुसते पाहून कळत नाही.

१९९२ साली मेशुलम यांच्याच प्रयोगशाळेत आणखी एक शोध लागला. आपल्या मेंदूत अशा पदार्थासाठी कुलपे आहेत हे तोवर समजले होते. त्या कुलपाची शरीराची स्वतःची किल्ली त्यांना सापडली. तिला नाव दिले आनंदमाइड, आपल्या ‘आनंद’ या शब्दावरून! भूक, झोप, आठवण, भीती यांचा तोल ती राखते. काम झाले की ती लगेच विरघळते. टीएचसी म्हणजे त्याच कुलपात घुसवलेली दुसरी किल्ली. ती लवकर निघत नाही. चरबीत साठते. रोज ओढणाऱ्याच्या लघवीत कित्येक दिवस, कधी कधी काही आठवडे तिचा अंश सापडतो.

मुलाचे म्हणणे तपासू

‘झाडपाला आहे, सवय लागत नाही’, हे खरे नाही. गांजा घेणाऱ्या दहांपैकी सुमारे एकाला व्यसन जडते. किशोरवयात सुरुवात केली तर सहांपैकी सुमारे एकाला. सोडल्यावर एक-दोन आठवडे झोप उडते, चिडचिड होते, जेवण जात नाही. आयांनो, पोरगा सोडायचा प्रयत्न करीत असेल आणि त्या दिवसांत ताटावरून उठून गेला, तर त्याला हिणवू नका.

टीएचसीने वेळेचे भान सुटते, ताजी आठवण राहत नाही, छाती धडधडते, कोणाला हसू येते तर कोणाला भीती वाटते. पंचविशीपर्यंत मेंदूची घडण चालू असते. त्या वयात रोज तेज गांजा ओढणाऱ्यांत भास होणे, संशय येणे अशा आजाराचा धोका वाढतो. घराण्यात कोणाला असा आजार असेल तर अधिकच. प्रत्येकाला होईल असे नाही, पण आपल्या पोराला होणार नाही अशी हमी कोण देईल?

भांगेची गोष्ट वेगळी. ओढलेले काही मिनिटांत चढते. खाल्लेले तास-दोन तासांनी चढते, आणि यकृतात त्याचा आणखी जोरदार पदार्थ होतो. ‘चढली नाही’ म्हणून माणूस पुन्हा खातो आणि मग एकदमच आडवा होतो.

अमेरिकेत डॉक्टर देतात हेही अर्धेच खरे. केमोथेरपीच्या उलट्यांवर १९८५ पासून तेथे टीएचसीची गोळी आहे. ती मोजून, तपासून, आजाऱ्याला देतात. गल्लीतल्या पुडीवर किती मिलिग्रॅम लिहिलेले असते? आणि पंचशीलाचे म्हणाल तर पाचवे शील बाटलीचे नाव पाहत नाही. ज्याने माणूस गाफील होतो, प्रमादात पडतो, ते सारे त्यात येते. मुलाला मी एवढेच सांगितले, ‘‘बाळा, शेजारी कुजबुजतात असे तुला वाटते ना, ते आधी डॉक्टरांना सांगू.’’ तो बापाबरोबर यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभागात गेला. उपचार चालू आहेत.

माउलीच्या बाटलीचा हिशेब

आता ती बाटली. सीबीडीचे शुद्ध औषध जून २०१८ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले, ते मिरगीच्या दोन दुर्मिळ प्रकारांसाठी. २०२० मध्ये तिसऱ्याची भर पडली. प्रत्येक मिरगीसाठी ते नाही. आणि ज्या चाचण्यांवर ते मंजूर झाले, त्यांत ते रोजच्या गोळ्यांच्या जोडीला दिले होते, गोळ्या बंद करून नव्हे. शिवाय काही गोळ्यांशी त्याचा मेळ नीट बसत नाही, म्हणून यकृताची रक्ततपासणी करीत राहावी लागते.

सुरुवातीचे प्रमाण किलोमागे रोज ५ मिलिग्रॅम. माउलीचा मुलगा वीस किलोचा, म्हणजे रोज १०० मिलिग्रॅम झाले. बाटली ३० मिलिलिटरची, तीत ‘विजया अर्क १००० मिलिग्रॅम’. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरू. ती सकाळी दोन, संध्याकाळी दोन थेंब देत होती. म्हणजे दिवसाला सात मिलिग्रॅमहूनही कमी. तो सगळा सीबीडीच होता असे धरले तरी पंधराव्या हिश्शाइतका! तेवढे प्रमाण गाठायचे तर बाटली दहा दिवसांत संपली असती, महिन्याला ७,२०० रुपये. पण विजया म्हणजे गांजा-भांगेचेच झाड. अर्कात टीएचसी किती, सीबीडी किती, हे बाटलीवर नव्हतेच. म्हणून थेंब वाढवणे हाही उपाय नाही.

इकडे गोळ्या निम्म्या झाल्या होत्या. मिरगीच्या गोळ्या एकाएकी तोडल्या तर झटका न थांबता चालू राहण्याचा धोका असतो, त्यात जीवही जातो. त्या मुलाला तिसऱ्या दिवशी शाळेतच झटका आला. सुदैवाने मास्तरांनी वेळेवर दवाखान्यात नेले. गोळ्या पुन्हा पूर्ण सुरू झाल्या, मुलगा बरा आहे. माउली रडत म्हणाली, ‘‘म्या चांगल्यासाठीच केलं, भाऊ.’’ तिचा दोष नाही. अर्धे खरे सांगून पैसे घेणाऱ्याचा दोष आहे.

कायदा काय म्हणतो?

१९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने गांजा व चरस बाळगणे, विकणे, लावणे गुन्हा आहे. एक किलोपर्यंत गांजा सापडला तर एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्यापेक्षा जास्त सापडला तर दहा वर्षांपर्यंत. वीस किलोच्या वर गेला की कमीत कमी दहा, जास्तीत जास्त वीस वर्षे, शिवाय किमान एक लाख दंड. नुसती पाने, म्हणजे भांग, त्या कायद्यातून वगळली आहेत. पण आपल्या राज्याच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय भांगही चालत नाही.

पांढरकवड्यावरून, पाटणबोरीवरून आदिलाबादकडे जाणारा मोठा रस्ता आपल्या जिल्ह्यातून जातो. ‘एवढी बॅग पोहोचवून दे, दोन हजार मिळतील’ असे कोणी म्हटले तर बॅगेचे वजन आठवा. मालक सापडत नाही, बॅग धरणारे पोर सापडते. तसेच तुरीच्या ओळीत चार झाडे लावा म्हणणाऱ्याचे ऐकू नका. लागवडीला दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

व्यसनी माणसाने स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेतले, तर सेवनाच्या आणि अल्प प्रमाणाच्या प्रकरणात खटल्यापासून संरक्षणाची तरतूद याच कायद्यात आहे. म्हणून लपवू नका. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मनाच्या त्रासासाठी १४४१६ हे सरकारी क्रमांक फुकट आहेत.

यापुढे कोणी ‘औषधच आहे’ म्हणाले, तर चार प्रश्न विचारा. यात टीएचसी किती, सीबीडी किती? कोणत्या आजारासाठी? कोणत्या डॉक्टरने लिहून दिले? आणि चालू गोळ्यांचे काय करायचे? उत्तर मिळाले नाही तर पैसे पदरात ठेवा, आणि गोळ्या चालू ठेवा.