धोरण दिल्लीचे, ताप हुपरीचा

हिवतापाच्या उपचाराचे राष्ट्रीय धोरण २०१० साली बदलले, २०१३ साली त्यात पुन्हा दुरुस्ती झाली. कागदावर ते शास्त्रशुद्ध आहे, याबद्दल वाद नाही. आधी रक्त तपासावे, मगच औषध द्यावे. व्हायवॅक्स निघाला तर क्लोरोक्विन तीन दिवस आणि प्रायमाक्विन चौदा दिवस. फाल्सिपेरम निघाला तर आर्टेसुनेटसह संयुक्त औषध. क्लोरोक्विनला दाद न देणारा फाल्सिपेरम आसामात १९७३ सालीच आढळला होता. शहाणपण यायला इतकी वर्षे का लागली, हे ज्याचे त्याने ठरवावे.

परंतु औषध बदलल्याने रोग्याची परिस्थिती बदलत नाही. हुपरीत चांदीचे पैंजण घडवणाऱ्या कारागिराला केलेल्या कामाची मजुरी मिळते. हात थांबला की चूल थांबते. सरकारी दवाखान्याची वेळ तीच त्याच्या कामाची वेळ. मग तो रात्री खाजगी दवाखाना गाठतो आणि उद्या कामावर बसता येईल असे काही द्या, म्हणतो. रक्त न तपासता, गंभीर हिवतापासाठी राखून ठेवलेले इंजेक्शन साध्या तापाला टोचण्याची खाजगी व्यवसायातली खोड अशा घाईवरच पोसते. आर्टेमिसिनिन वर्गातील औषध एकटे देऊ नये म्हणून त्याच्या तशा गोळ्यांवर २००९ साली बंदी आली. इंजेक्शनची वाट मात्र मोकळीच राहिली.

कोल्हापूर म्हणजे काही गडचिरोली नव्हे, असे उत्तर मिळेल. खरे आहे. म्हणूनच तर येथे अंदाजाने दिलेले औषध बहुधा चुकीच्या तापावर पडते.

प्रायमाक्विनची कथा अधिक लाजिरवाणी आहे. यकृतात दडलेला व्हायवॅक्स त्यावाचून मरत नाही. पण तिसऱ्या दिवशी ताप उतरला की उरलेल्या गोळ्या फळीवर पडून राहतात, आणि काही आठवड्यांनी वा महिन्यांनी ताप परततो. ही गोळी स्वस्त. तिच्यात नफा नाही, म्हणून तिची वकिली करणारा कोणी नाही. बाजारावर आरोग्य सोपवणाऱ्यांचा हिशेब येथेच उघडा पडतो.

गाफीलपणाची किंमत देशाने एकदा मोजली आहे. १९६५ साली सुमारे १ लाखावर आलेले रुग्ण १९७६ साली ६४ लाखांवर गेले. तेव्हा कार्यकर्त्यांनी आरोग्य खात्याकडे नेमके मागावे: कारागिरांच्या वस्तीत संध्याकाळी रक्ततपासणी, चौदाव्या दिवसापर्यंत घरी येऊन विचारपूस, आणि ती करणाऱ्या आशा सेविकेला त्या कामाचा रोख मोबदला.