जिममध्ये भीमगीत वाजलंच पाहिजे, पण पूर्ण वाजलं पाहिजे

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल-चादरीच्या कारखान्यांत राबणारी आपली पोरं पाळी सुटली की जिम गाठतात. कानात हेडफोन, नाहीतर भिंतीवरचा स्पीकर. मोबाइलमध्ये 'वर्कआउट' नावाची प्लेलिस्ट असते. आता त्या प्लेलिस्टमध्ये भीमगीतांचे रिमिक्स आले आहेत, हलगीचे ठेके आले आहेत, आपल्या पोरांचं रॅप आलं आहे. आम्ही या गोष्टीचं स्वागत करतो. पण नुसतं स्वागत करून थांबणं आम्हाला मान्य नाही. जिममधलं गाणं ही किरकोळ बाब आहे असं ज्यांना वाटतं त्यांच्याशी आमचा वाद आहे. आणि ठेका दणकून वाजला की चळवळ झाली असं ज्यांना वाटतं, त्यांच्याशीही आहे.

"जिममध्ये जात कशाला आणता?"

हा प्रश्न आपल्याला नेहमी विचारला जातो. जिममध्ये दिवसभर देवाधर्माची गाणी वाजतात, तेव्हा कुणी विचारत नाही. दुसऱ्या धर्माच्या माणसाला धमकावणारी डीजेवरची गाणी वाजतात, तेव्हाही कुणी विचारत नाही. द्वेषाच्या या गाण्यांची केवढी मोठी बाजारपेठ उभी राहिली आहे, हे पत्रकार कुणाल पुरोहित यांनी २०२३ मध्ये आलेल्या 'एच-पॉप' या पुस्तकात पुराव्यासह मांडलं आहे. अशा गाण्यावर वजन उचलणाऱ्या पोराच्या डोक्यात काय भरलं जातं, याचा विचार करा. धाप लागलेली असते, रक्त तापलेलं असतं, आणि कानात सतत एकच सांगितलं जातं की तुझा शत्रू शेजारच्या मोहल्ल्यात राहतो. त्याच पोराच्या शेजारच्या मागावर त्या मोहल्ल्यातला कामगार उभा असतो, हे गाणं सांगत नाही.

म्हणजे जिममधलं संगीत 'तटस्थ' कधीच नव्हतं. प्रश्न एवढाच आहे की कोणाचं वाजतं आणि कोणाचं बंद करायला लावतात. शिर्डीत मे २०१५ मध्ये मोबाइलवर बाबासाहेबांवरच्या गाण्याची रिंगटोन वाजली म्हणून नर्सिंग शिकणाऱ्या आपल्या एका तरुणाचा खून झाला. ते नाव आपण विसरलेलो नाही. ज्या राज्यात खिशातल्या फोनवर वाजलेल्या गाण्यासाठी जीव जातो, त्या राज्यात भर जिममध्ये भीमगीत लावणं ही साधी आवड नाही. तो सार्वजनिक जागेवरचा हक्क आहे. चवदार तळ्यावर तोच प्रश्न पाण्याचा होता. आपल्याच अक्कलकोट रोडवर पुढे वळसंग आहे. तिथल्या अस्पृश्य बांधवांनी स्वतः विहीर खोदली आणि १९३७ साली बाबासाहेब तिथे आले. पाणी, रस्ता, जागा, आवाज ही सगळी एकाच लढ्याची कलमं आहेत.

शरीर कमावणं चळवळीला परकं नाही

आपल्यातले काही जुने कार्यकर्ते म्हणतात, बाबासाहेबांच्या गाण्यावर डंबेल मारणं म्हणजे गाण्याचा अपमान आहे. त्यांच्या भावनेचा आम्ही आदर करतो, पण मुद्दा पटत नाही. महाड सत्याग्रहाच्या काळात समता सैनिक दल उभं राहिलं, ते कवायत करणाऱ्या, लाठी चालवणाऱ्या, शिस्तीत उभं राहणाऱ्या तरुणांचं होतं. शतकानुशतकं ज्यांचं शरीर फक्त दुसऱ्याची ओझी वाहण्यासाठी आणि मार खाण्यासाठी आहे असं समजलं गेलं, त्यांनी ते शरीर स्वतःसाठी कमावणं हे स्वाभिमानाचंच काम आहे. वामनदादा कर्डक मुंबईत गिरणी कामगार होते, समता सैनिक दलात होते, अक्षरओळख मोठेपणी झाली, आणि त्याच माणसाने हजारो गाणी लिहिली. त्यांची गाणी घाम गाळणाऱ्यांत जन्मली. घामाच्या जागी ती वाजली तर त्यात अपमान कसला?

उलट आम्ही तर म्हणतो, व्यायाम आणि वाद्य यांची सांगड महाराष्ट्रात नवी नाहीच. व्यायामाला मिनिटाला साधारण १२० ते १४० ठोक्यांचं संगीत मानवतं, असं आज अभ्यासक सांगतात. सोलापूर-सांगली-कोल्हापूरच्या कुस्तीच्या मैदानात हलगी आणि घुमकं पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करत आले. पैलवान शड्डू ठोकतो तेव्हा हलगी चढते, कुस्ती लांबली की ती पैलवानाला पुन्हा उठवते. महाराष्ट्राची सगळ्यात जुनी 'वर्कआउट प्लेलिस्ट' मांग समाजाच्या हातातली हलगी आहे.

पण इथेच खरी गोम आहे. फेटा पैलवानाला, गदा पैलवानाला, फोटो पुढाऱ्याचा. कातडं मढवून, शेकून, बोटं फुटेस्तोवर वाजवणारा हलगीवाला मैदानाच्या कडेला. त्याच्या हातात जी बिदागी पडेल ती पडेल. त्याची हलगी गावाला हवी, तो मात्र वेशीच्या आत नको. हलगी सक्तीने वाजवायला लावण्याविरुद्ध, मेलेल्याच्या दारात आणि देवाच्या जत्रेत बिनमोल राबण्याविरुद्ध आपल्या माणसांनी लढे दिले आहेत. तमिळनाडूत 'पराई' या चामड्याच्या वाद्याचंही हेच झालं. हलकं मानलेलं, सक्तीने वाजवायला लावलेलं ते वाद्य तिथल्या दलित कलावंतांनी निषेधाचं वाद्य केलं. वाद्य तेच राहिलं, पण वाजवायचं कधी, कुठे आणि कशासाठी हे वाजवणारा ठरवू लागला. हा फरक ज्याला कळला, त्यालाच हलगीवर व्यायाम करण्याचा खरा अर्थ कळला.

शब्द कापलेलं गाणं

आता आपल्या प्लेलिस्टकडे बघू. डीजेवाले काय करतात? भीमगीताचं धृपद घेतात, त्यातली एक ओळ, कधी फक्त नाव, तेवढंच पंधरा वेळा फिरवतात आणि खाली दणदणाट टाकतात. कडवी गेली. कडव्यांत शिक्षणावर, हुंड्यावर, दारूवर, आपल्यातल्याच दलालांवर जे लिहिलं होतं ते गेलं. आंबेडकरी जलसे कशासाठी उभे राहिले? भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी गावोगाव जाऊन निरक्षर माणसाला विचार ऐकवला. त्या परंपरेचं मोल विचारात होतं. विचार काढून टाकला आणि नाव तेवढं ठेवलं, तर आपण बाबासाहेबांचीही मूर्ती करून टाकली.

कॅनडातल्या आदिवासी तरुणांचा 'अ ट्राइब कॉल्ड रेड' नावाचा गट होता, आता तो 'द हलूसी नेशन' या नावाने ओळखला जातो. पॉवावचे पारंपरिक ढोल आणि गायन त्यांनी इलेक्ट्रॉनिक संगीतात आणलं. जगभरचे लोक त्यावर नाचतात, व्यायाम करतात. पण काही गोरे चाहते डोक्याला पिसं बांधून, तोंडं रंगवून कार्यक्रमाला येऊ लागले तेव्हा या गटाने स्पष्ट सांगितलं, हे चालणार नाही. आमचा ढोल हवा असेल तर आमची माणसं आणि आमचा प्रश्नही स्वीकारा. आपल्याला हेच सांगता आलं पाहिजे. पंजाबच्या गिन्नी माहीने शिवीसारखं वापरलं जाणारं जातीचं नाव 'डेंजर चमार' म्हणून ताठ मानेने गायलं. आपल्या महाराष्ट्रात महादेव कोळी समाजातली माही जी आदिवासींच्या प्रश्नावर रॅप करते. या मुलींनी ठेकाही सोडला नाही आणि शब्दही सोडला नाही. मग आपले डीजेच का सोडतात?

आणि पैशाचं काय? २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकाराच्या रॉयल्टीचा हक्क पक्का केला. लेखक गेल्यानंतर ६० वर्षं त्याच्या शब्दांवर वारसांचा हक्क राहतो. अण्णा भाऊ साठे १९६९ मध्ये गेले, म्हणजे २०२९ संपेपर्यंत. वामनदादा २००४ मध्ये गेले, म्हणजे २०६४ संपेपर्यंत. रिमिक्स अपलोड करणारे किती जण गीतकाराचं नाव तरी लिहितात? लाखो लोक ऐकतात, आणि लिहिणाऱ्याचं नाव कुठेच नसतं. ज्यांनी आपल्याला नाव दिलं त्यांचंच नाव आपण पुसतो आहोत.

अक्कलकोट रोडची प्लेलिस्ट कशी असावी?

ही एमआयडीसी एका भाषेची नाही. इथे मागावर तेलुगू बोलणारा पद्मशाली आहे, कर्नाटकच्या सीमेवरून आलेला कन्नड बोलणारा आहे, उर्दू बोलणारा मोमीन-मन्सुरी आहे, आणि आपण आहोत. १८ मे २०२५ च्या पहाटे याच एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याला आग लागली आणि ८ माणसं गेली. त्यात मालकाच्या घरचे होते, कामगारही होते. धुराने कुणाची जात-धर्म विचारला नाही. मग आपली प्लेलिस्ट तरी एकाच वस्तीची का असावी?

तेलुगू मित्रासाठी तिच्यात गदर असू द्या. मेदक जिल्ह्यातल्या दलित घरात जन्मलेल्या या माणसाने घोंगडी आणि काठी घेऊन कष्टकऱ्यांना गाणं दिलं. कन्नड मित्रासाठी दलित संघर्ष समितीच्या संस्थापकांपैकी एक असलेले कवी सिद्धलिंगय्या असू द्या. उर्दू बोलणाऱ्या मित्राला सांगा, शाहीर अमर शेख आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीचे. त्यांनी आणि अण्णा भाऊंनी एकाच लाल बावटा कलापथकात गायलं, एक मुसलमान, एक मांग. प्रल्हाद शिंदेंची परंपराही आपल्याच जिल्ह्यातली. विलास घोगरेंचं नाव आलं की रमाबाई नगरचं नाव आलं पाहिजे. ११ जुलै १९९७ ला तिथे पोलीस गोळीबारात दहा जण गेले आणि चारच दिवसांनी या शाहिराने स्वतःला संपवलं. आनंद पटवर्धनांचा 'जय भीम कॉम्रेड' तिथूनच सुरू होतो. कडुबाई खरातांची एकतारी शरीर सैल करायच्या वेळी लावा, ती धावायची नाही, ऐकायची आहे. ओडिशातल्या काशीपूरच्या आदिवासींच्या लढ्यातून आलेलं 'गाँव छोड़ब नाही' लावा. अरिवू, तसंच पा. रंजितच्या पुढाकाराने उभं राहिलेलं 'द कास्टलेस कलेक्टिव्ह' जड वजनाच्या सेटला लावा.

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक गाण्यापुढे गीतकाराचं आणि गायकाचं नाव लिहा. आठवड्यातून एक गाणं निवडा, ते रिमिक्स न करता पूर्ण ऐका आणि व्यायाम झाल्यावर दहा मिनिटं त्यावर बोला. हलगीचा ठेका हवा असेल तर वस्तीतल्या हलगीवाल्याला बोलवा, रेकॉर्ड करा, योग्य मानधन द्या आणि त्याच्या नावाने टाका. आणि आवाज जपून. लूमच्या शेडमध्ये दिवसभर कानावर मारा होतोच. जागतिक आरोग्य संघटना ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपेक्षा जास्त ऐकू नका म्हणते. शेडमधून निघालेला कान आधीच थकलेला असतो, त्यावर हेडफोन पूर्ण फोडून लावणं म्हणजे मालकाने अर्धवट सोडलेलं काम आपण पूर्ण करणं.

वेळ कुणाकडे आहे?

शेवटचा आणि सगळ्यात कळीचा मुद्दा. जिमला जायला वेळ लागतो. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी आठ तासांच्या दिवसाचा आग्रह धरला, आणि १९४६ च्या कारखाने कायदा दुरुस्तीने आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आणले. यंत्रमागावर मात्र बारा तासांची पाळी आजही चालते. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतली रोजची मर्यादा ९ वरून १२ तास करायला मंजुरी दिली. आठवड्याची मर्यादा तीच राहील म्हणतात. ज्या शेडमध्ये हजेरीपुस्तकच धड नसतं, तिथे आठवड्याचा हिशोब कोण ठेवणार? बारा तास उभं राहिलेल्या माणसाला स्क्वॉट मारायला कोणत्या तोंडाने सांगायचं? आणि विडी वळता वळता जिच्या माना-पाठीचं दुखणं कायमचं झालं, त्या आपल्या आईला-बहिणीला कोणत्या जिमची वेळ सोयीची आहे? तिच्यासाठी सकाळी एक तास बायकांचा राखून ठेवा, अशी मागणी किती जिममध्ये आपण केली?

म्हणून आम्ही म्हणतो, भीमगीतावर छाती फुगवणाऱ्या प्रत्येक तरुणाने त्याच छातीने आठ तासांची पाळी, हजेरीकार्ड, कारखान्यात आगीच्या वेळी बाहेर पडायचा दुसरा दरवाजा आणि हलगीवाल्याचं मानधन मागितलं पाहिजे. शाहिरांना गाण्यापायी तुरुंगात जावं लागलं. कबीर कला मंचाच्या कलावंतांची उदाहरणं आपल्यासमोर आहेत. त्यांनी गाण्याची किंमत मोजली, आपण निदान गाणं पूर्ण ऐकू या आणि त्यात सांगितलेलं एक तरी काम हातात घेऊ या. उद्या संध्याकाळी जिममध्ये जाल तेव्हा प्लेलिस्ट उघडा, गीतकारांची नावं भरा आणि शेजारच्या मागावरच्या मित्राला विचारा, तुझ्या भाषेतलं कोणतं गाणं लावू?

जय भीम!