शुगरची शेतीशाळा गावात कधी भरणार?

गुलाबी बोंडअळीसाठी आपण कपाशीत कामगंध सापळे लावतो. सलग तीन दिवस सापळ्यात रोज आठ पतंग सापडले, की मगच फवारणीचा विचार करायचा, हे जळगाव-धुळ्याच्या शेतकऱ्याला आता सांगावे लागत नाही. आधी मोजणी, मग औषध. अंगातल्या साखरेच्या बाबतीत मात्र मोजणी नाही आणि औषध मनाला येईल तसे.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह, त्यात खेड्यातल्या प्रौढांपैकी शंभरात जवळपास नऊ. तेव्हा हा शहरातल्या बसून खाणाऱ्यांचा आजार, असे म्हणायची सोय उरलेली नाही.

सरकारी सोय नाही, असेही नाही. उपकेंद्राचे आता आयुष्मान आरोग्य मंदिर झाले आहे आणि तिशी ओलांडलेल्यांची साखर, रक्तदाब तपासणे हे तिथले नेमून दिलेले काम आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत. मग अडते कुठे? शिबिरात साखर निघते, गोळ्या मिळतात, पुढच्या तपासणीत आकडा बरोबर येतो आणि माणूस म्हणतो, "शुगर गेली भो!" गोळी बंद. आकडा गोळीमुळेच उतरला होता, हे कोणी निवांत बसून सांगितलेलेच नसते. पुढे दवाखाना आठवतो तो पायाची जखम चिघळल्यावर. दोष एकट्या पेशंटचा नाही. ओपीडीच्या रांगेत डॉक्टर तरी किती समजावणार?

आणि समजावायचे ते आपल्या कामाशी जोडून हवे. रात्रीच्या लाइटीवर केळीला पाणी भरायला उपाशीपोटी जाऊ नये. इन्सुलिन व काही गोळ्यांनी साखर एकदम उतरते. हातपाय थरथरतात, घाम फुटतो. खिशात साखरेची पुडी असावी. तीन चमचे खाऊन पंधरा मिनिटे थांबावे, मग भाकरी खावी. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नये, थेट दवाखाना. फवारणी करताना असे झाले तर विषबाधा की साखर, हा घोळ होतो. फवारणी थांबवा, हात धुऊन साखर खा आणि दवाखान्यात दोन्ही गोष्टी सांगा.

पाय बधिर झाला, की पऱ्हाटीचा खुंट लागलेला कळत नाही. रोज रात्री तळवे बघावेत, अनवाणी शेतात जाऊ नये. कळण्याची भाकरी चांगलीच, पण तीही मोजून. आखाजीचा आमरस वाटीभर पुरे. मे महिन्यात घरी फ्रीज नसेल तर वापरातली इन्सुलिनची बाटली प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ओल्या माठात ठेवावी.

सरपंच व ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी हा विषय ग्रामसभेत घ्यावा. उपकेंद्राचे समुदाय आरोग्य अधिकारी, आशाताई आणि गावातले वीस-पंचवीस शुगरवाले, बाया-माणसे सगळे, पंधरवड्यातून एकदा बसवावेत. फक्त वेळ दुपारची नको, तेव्हा माणूस शेतात असतो. बाजाराचा दिवस सोडून संध्याकाळी सातनंतर, मारुतीच्या पारावर.