विश्लेषण : बक्षीस एकालाच, तरी हजारो जण का राबतात?

रुपयासाठी चिन्ह ठरवण्याकरिता केंद्र सरकारने २००९ मध्ये खुली स्पर्धा घेतली. बक्षीस अडीच लाखांचे, मात्र प्रवेशिकेसोबत ५०० रुपयांचा डिमांड ड्राफ्ट जोडायचा होता. पदरचे पैसे भरूनही तीन हजारांहून अधिक प्रवेशिका आल्या. मुंबई आयआयटीत पीएचडी करणारे डी. उदय कुमार यांचे ₹ हे चिन्ह १५ जुलै २०१० रोजी मंत्रिमंडळाने मंजूर केले. बक्षिसाच्या आशेने पाहिले, तर इतरांसाठी हा आतबट्ट्याचाच व्यवहार होता. मग लोक अशा स्पर्धांत उतरतात कशासाठी?

नेटफ्लिक्सच्या स्पर्धेत काय घडले?

याचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतले. नेटफ्लिक्स तेव्हा टपालाने डीव्हीडी भाड्याने देत असे. प्रेक्षक एखाद्या चित्रपटाला किती तारे देईल, याचा कंपनीचा अंदाज १० टक्क्यांनी सुधारणाऱ्यास १० लाख डॉलर, अशी घोषणा तिने ऑक्टोबर २००६ मध्ये केली. नोंदणी केली ४० हजारांहून अधिक संघांनी.

त्याच वर्षी 'सायमन फंक' या टोपणनावाच्या स्पर्धकाने आपली पद्धत सर्वांसाठी खुली केली. पुढे अनेक संघांनी ती वापरली. डोळा केवळ डॉलरवर असता, तर कोणी आपले पत्ते असे उघडे टाकले नसते. कोडे सुटण्याची ओढ होती, बरोबरीच्यांत नाव व्हावे ही इच्छा होती आणि एवढा खरा विदा एरवी हाताळायलाही मिळत नव्हता. शिवाय गुणफलक रोज हलत होता. त्याची नशा क्रिकेटच्या धावफलकापेक्षा वेगळी नसते.

२००९ मध्ये दोन संघांची अचूकता तंतोतंत सारखी निघाली. दुसऱ्या संघाची नोंद २० मिनिटे उशिरा आली, एवढ्यावर त्याचे बक्षीस हुकले.

म्हणजे पैसा गौण?

तसे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. बक्षिसाच्या आकड्यामुळेच स्पर्धेकडे लक्ष जाते. हॅकेथॉनमध्ये सलग ३६ तास जागणाऱ्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला तर बक्षिसाइतकीच रेझ्युमेतली एक ओळ महत्त्वाची वाटते. कॅम्पस मुलाखतीत तीच बोलते.

फायदा कोणाचा?

आयोजकाला हजारो डोक्यांचे काम एका बक्षिसाच्या किमतीत मिळते. नेटफ्लिक्सने तर २००७ च्या टप्प्यातील दोन पद्धतीच वापरल्या. विजेत्या संघाची अंतिम रचना प्रत्यक्षात आणण्याच्या खटाटोपाएवढा लाभ नाही, असे तिने २०१२ मध्ये सांगितले.

हक्कांचे नियम मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळे. नेटफ्लिक्सच्या विजेत्यांना पद्धत जाहीर करून कंपनीला वापराचा परवाना द्यायचा होता. मालकी त्यांचीच राहणार होती. रुपयाच्या विजेत्याला मात्र हक्क अर्थ मंत्रालयाकडे सोपवायचे होते. काही आयोजक तर हरलेल्यांच्या प्रवेशिकांवरही हक्क सांगतात आणि ते कलम बहुतेक वेळा अर्जाच्या शेवटच्या पानावर असते.