चामडी जाकीट आणि घरचा पैसा

आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांच्या बोलण्यांत हल्लीं एका वस्तूचें नांव वारंवार ऐकूं येतें. ही वस्तु म्हणजे मोटारसायकलस्वाराचें काळें, तिरक्या चेनचें, रुंद कॉलरचें चामडी जाकीट होय. मुलांना तें हवें असतें. पालकांना तें नको असतें. आणि या एका वस्त्रावरून घरोघरीं जो वाद होतो त्यांत दोन्ही पक्ष जाकिटाविषयीं न बोलतां बहुधा एकमेकांच्या स्वभावाविषयींच बोलत राहतात. मुलगा म्हणतो, "बाबा, तुम्हांला यांतलें कांहीं कळत नाहीं"; बाप म्हणतो, "तुला पैशाची किंमत नाहीं." म्हणून या विषयाचा शांतपणें विचार करून कांहीं उपयुक्त माहिती व आमचें मत वाचकांपुढें ठेवावें, असें आम्हांस वाटलें.

आमचें मत आरंभींच सांगून टाकितों. चामडी जाकीट घेणें ही उधळपट्टी नव्हे, व न घेणें हा कमीपणा नव्हे. मात्र ज्याच्या हातीं पैसा मोजका आहे त्यानें नवें पण नकली जाकीट कधींही घेऊं नये. त्यापेक्षां खऱ्या व जाड चामड्याचें जुनें घ्यावें, आणि तेंही परवडत नसेल तर वर्ष-दोन वर्षें थांबावें. असें कां, तें आतां सांगतों.

प्रथम या जाकिटाची कुळकथा पाहूं. अमेरिकेंत न्यूयॉर्क येथें अर्व्हिंग व जॅक शॉट या बंधूंनीं १९१३ सालीं कपडे तयार करण्याचा धंदा काढिला. पुढें १९२८ मध्यें अर्व्हिंग शॉट यांनीं मोटारसायकलस्वारांसाठीं एक चामडी जाकीट सिद्ध केलें व आपल्या आवडत्या सिगारवरून त्यास 'परफेक्टो' हें नांव दिलें. त्या वेळीं त्याची किंमत साडेपांच डॉलर होती. आज जगभर ज्यास अस्सल जुन्या घाटाचें जाकीट म्हणतात तें याचेंच रूप होय. त्यांतील प्रत्येक भाग कांहीं तरी कामासाठीं होता. चेन तिरकी, कारण त्यामुळें पुढचे दोन पदर एकमेकांवर येतात व छातींत वारा शिरत नाहीं. कॉलरच्या टोकांस टिचबटणें, कारण वेगांत तीं टोकें फडफडून तोंडावर येऊं नयेत. बाह्यांच्या तोंडाशीं चेन, कारण मनगटावाटे थंडी आंत जाऊं नये. आणि उंची आंखूड, कारण गाडीवर बसलें असतां कंबरेशीं चुण्या पडूं नयेत. म्हणजे हें मुळांत काम करणाऱ्या माणसाचें वस्त्र होतें, आणि आमच्याकडील शेतकऱ्याची घोंगडी जशी गरजेंतून आली तसेंच तेंही गरजेंतूनच आलें.

पुढें १९५३ सालीं 'द वाइल्ड वन' या अमेरिकन चित्रपटांत मार्लन ब्रँडो या नटानें असलें जाकीट घालून एका उनाड टोळीच्या नायकाची भूमिका केली. ब्रिटनमधील चित्रपट-परीक्षण मंडळानें १९५४ मध्यें त्या चित्रपटास परवानगी नाकारली, ती १९६७ पर्यंत दिली नाहीं. तेव्हांपासून या वस्त्राला बंडखोरपणाचा वास चिकटला आणि जें स्वाराचें होतें तें नटाचें झालें. याचा परिणाम बाजारावर झाला. आज एकाच घाटाचा दोन जातींचा माल दुकानांत शेजारीं शेजारीं टांगलेला असतो: एक पडल्यावर अंगाचें रक्षण करणारा, व दुसरा आरशापुढें उभें राहण्यापुरता. दुरून दोन्ही सारखेच दिसतात. ग्राहक ठकतो तो येथेंच.

हा भेद ओळखावा कसा? कातड्याचा केंसांकडील वरचा थर सर्वांत घट्ट विणीचा असतो व खालचा थर सैल असतो. वरचा थर न घांसतां राखलेलें चामडें सर्वांत टिकाऊ. डाग घालविण्यासाठीं तो घांसून वर रंगाचा लेप दिलेलें चामडें मध्यम. केवळ खालच्या थराचें कनिष्ठ. आणि कातरणांचा भुगा चिकटवून केलेलें चामडें तर नांवालाच चामडें होय. जाकिटाच्या आंत 'जेन्युइन लेदर' एवढीच चिठ्ठी असेल तर त्यांत कांहीं तरी खरें चामडें आहे, इतकाच तिचा अर्थ. तें चांगलें आहे, असा नव्हे. जनावराप्रमाणेंही गुण बदलतात. गाईम्हशींचें चामडें जाड व दणकट. शेळीचें पातळ असूनही चिवट. मेंढीचें मऊ, हलकें व घालण्यास सुखाचें, पण लवकर फाटणारें. गाडीवर वापरावयाच्या जाकिटाचें चामडें साधारणपणें १ ते १.३ मिलिमीटर जाडीचें असावें. काठाशीं जेथें चामडें कापलेलें दिसतें तेथें तंतु दिसतात कीं कापड दिसतें, हें पाहावें. अंगठ्यानें दाबलें असतां खऱ्या चामड्यावर बारीक सुरकुत्या पडतात, आणि त्यावरील छिद्रें एकसारख्या ओळींत नसतात.

जाडीचा एवढा आग्रह कां, तेंही सांगतों. ताशीं ६० किलोमीटर वेगानें जाणारा स्वार एका सेकंदांत सुमारें १७ मीटर अंतर कापतो. तो पडला म्हणजे जागच्या जागीं थांबत नाहीं. डांबरी रस्त्यावरून घांसत जातो. सुती सदरा त्या घर्षणापुढें क्षणभरही टिकत नाहीं, व मग रस्ता सदऱ्याऐवजीं कातडीच सोलतो. जाड चामडें हें आपल्या कातडीवरील दुसरी कातडी होय. हें काम रेक्झिनच्या हातून होत नाहीं. शिवाय रेक्झिन म्हणून जें विकलें जातें तें बहुधा कापडावर प्लॅस्टिकचा लेप दिलेलें असतें, आणि पॉलियुरेथेनचा लेप दमट हवेंत आपोआप विघटन पावतो. जाकीट न वापरतां कपाटांत ठेवलें तरी कांहीं पावसाळ्यांनंतर त्याचे पापुद्रे सुटूं लागतात. उलट खरें चामडें नीट राखलें तर वीस-पंचवीस वर्षें सहज टिकतें. तेव्हां वर्षांचा हिशेब केला असतां स्वस्त वाटणारी वस्तूच महाग पडते, हें गणित आमच्या मुलांनीं वहीवर मांडून पाहावें.

आतां मोजक्या पैशांत खरी वस्तु मिळवावी कशी? दोन मार्ग आम्हांस दिसतात. पहिला, नांवाजलेल्या कंपनीचा शिक्का सोडून कारागिराकडे जाणें. मुंबईंत धारावी येथें चामड्याच्या मालाचे कारखाने व दुकानें पुष्कळ आहेत, व तेथें मापाप्रमाणें शिवूनही मिळतें. चामडें स्वतः हातांत घेऊन पारखणाऱ्या ग्राहकास तेथें जाहिरातीचा खर्च सोसावा लागत नाहीं. दुसरा मार्ग जुनें जाकीट घेण्याचा. जुन्याची लाज कोणी बाळगूं नये. जुनीं पुस्तकें वापरून आमच्या शाळेंतून कितीएक विद्यार्थी चांगले शिकून गेले. मात्र पारख करावी. आमचा नियम असा कीं, जें बदलतां येतें त्याकडे दुर्लक्ष करावें व जें बदलतां येत नाहीं तेंच तपासावें. अस्तर फाटलें असेल तर शिंपी नवें लावितो; चेन मोडली असेल तर चर्मकार बदलून देतो. परंतु कोपरांशीं व खांद्यांशीं चामड्यास भेगा पडल्या असतील, ताणतांच शिवणीच्या भोंकांपाशीं तें चिरत असेल, किंवा बुरशीचा वास आंतपर्यंत मुरला असेल, तर तें फुकट मिळालें तरी घेऊं नये.

मापाच्या बाबतींत पालकांशीं आमचा थोडा मतभेद आहे. आमच्याकडे मुलांचे कपडे 'वाढत्या अंगाचे' शिवण्याची चाल आहे, व सदऱ्या-विजारींच्या बाबतींत ती शहाणपणाचीच आहे. पण हें जाकीट ढगळ असलें तर पडतांना फिरतें व सरकतें, आणि नेमकें कोपर उघडें पडतें. म्हणून अंगाबरोबर घ्यावें. दुकानांत केवळ उभें राहून पाहूं नये. गाडीची मूठ धरल्याप्रमाणें हात पुढें करून, चेन पुरी लावून, खुर्चीवर बसून पाहावें. तशा स्थितींत बाही मनगटापर्यंत पोंचली पाहिजे व पाठ उघडी पडतां कामा नये. वापरानें चामडें थोडें सैल होतें, पण बाही लांब होत नाहीं. ज्या मुलाची उंची अजून वाढते आहे त्यास हें जाकीट घेऊनच देऊं नये, हा त्यावरील सरळ उपाय.

दुसरी गोष्ट अशी कीं, चामडें घर्षणापासून वांचवितें, आघातापासून नव्हे. जुन्या घाटाच्या जाकिटांत खांद्यांस व कोपरांस गाद्या बहुधा नसतात. त्या बसविण्यास आंतून खिसे असतील तर उत्तम; नसतील तर शिवून घ्यावे, व 'ईएन १६२१' असा युरोपीय प्रमाणाचा छाप असलेल्या गाद्या बसवाव्या. संबंध जाकिटासाठींही 'ईएन १७०९२' नांवाचें प्रमाण आहे व त्यांत प्रती ठरविलेल्या आहेत. पण केवळ शोभेच्या जाकिटावर हा छाप सांपडणार नाहीं. आणि या सर्वांच्या आधीं हेल्मेट. समजा, घरांत या कामासाठीं ८,००० रुपये काढून ठेविले आहेत. त्यांतून प्रथम भारतीय मानक ब्यूरोचा छाप असलेलें व डोक्यास घट्ट बसणारें हेल्मेट घ्यावें, मग हातमोजे, मग घोटा झांकणारे बूट, व उरलेल्या रकमेंत जाकिटाचा विचार करावा. डोकें उघडें ठेवून अंगावर उंची चामडें मिरविणारा तरुण पाहिला म्हणजे दाराला कुलूप नसतां खिडकीला लोखंडी गज बसविणाऱ्या गृहस्थाची आम्हांस आठवण होते.

आमच्या हवामानाचाही विचार केला पाहिजे. नागपूरच्या वैशाखांत किंवा मुंबईच्या दमट दुपारीं हें जाकीट अंगावर सोसत नाहीं, आणि जें उन्हाच्या भयानें घरींच राहतें तें कोणाचेंही रक्षण करीत नाहीं. ज्यास बहुतेक उन्हांतच फिरावयाचें आहे त्यानें गाद्या बसविलेलें जाळीदार मजबूत कापडाचें जाकीट घ्यावें. त्यांत कमीपणा नाहीं. ज्यास पहांटे घाट चढावयाचा आहे, त्यालाच चामडें शोभतें व उपयोगीं पडतें. पावसांत भिजलें तर तें सावलींत, वाऱ्यावर वाळवावें. विस्तवाशीं किंवा उन्हांत धरल्यास कडक होऊन चिरतें. प्लॅस्टिकच्या पिशवींत बंद करूं नये. सुती कापडानें झांकून रुंद खांद्याच्या खुंटाळ्यावर टांगावें, व पावसाळ्यांत आठवड्यास एकदां बाहेर काढून कोरड्या फडक्यानें पुसावें.

किंमतीची घासाघीस करितांना आणखी एक गोष्ट ध्यानांत असावी. महाराष्ट्रांत कातडें कमावण्याचें काम ढोर समाजानें, व त्याच्या वस्तु करण्याचें काम चर्मकार समाजानें पिढ्यान् पिढ्या केलें. बाभळीची व तरवडाची साल आणि हिरडा यांच्या पाण्यांत आठवडेच्या आठवडे कातडीं भिजवून त्यांनीं गांवाच्या मोटा, वहाणा व पखाली सिद्ध केल्या, आणि गांवानें त्यांस शिवाशीव दिली. १९५० सालीं अंमलांत आलेल्या राज्यघटनेच्या १७ व्या कलमानें अस्पृश्यता नष्ट करण्यांत आली. परंतु तें काम हलकें मानण्याची खोड सर्वांच्या मनांतून गेली आहे, असें आम्हांस म्हणवत नाहीं. जें चामडें अंगावर घालण्यांत आपणांस भूषण वाटतें तें कमावणाऱ्या हातांस कमी लेखणें हा खोटेपणा होय. भाव अवश्य करावा, पण मजुरीच्या खालीं करूं नये. आणि कारागिरास 'अरे-तुरे' न करतां 'अहो-जाहो' करावें. मुलांनीं या खरेदींत एवढें शिकलें तरी पुष्कळ झालें.

विद्यार्थी मित्रांनो, शेवटीं तुम्हांस एक सांगावयाचें आहे. गिअरची मोटारसायकल चालविण्याचा परवाना वयाच्या १८ व्या वर्षापूर्वीं मिळत नाहीं, आणि १९८८ च्या मोटार वाहन कायद्यांत २०१९ सालीं जी सुधारणा झाली तिच्याप्रमाणें अल्पवयी मुलानें गाडी चालवून गुन्हा केल्यास त्याच्या पालकांस तीन वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड होऊं शकतो. म्हणजे तुमच्यापैकीं बहुतेकांस अजून दोन-तीन वर्षें थांबणें भागच आहे. त्या काळांत चामडें ओळखावयास शिका, सुटींत मिळेल तें काम करून महिन्यास थोडेथोडे पैसे बाजूस टाका. आणि पालकांस आमची विनंति अशी कीं, मुलगा आपल्या साठवलेल्या पैशांसह तुमच्यापुढें येईल त्या दिवशीं त्यास 'उधळ्या' म्हणूं नका. त्याच्याबरोबर दुकानांत जा, काठ उलटून चामडें पाहा, आणि उणे पडतील तेवढे पैसे हेल्मेटासाठीं आपल्या खिशांतून द्या.