इलिश, कोळंबी आणि सॉल्ट लेक

'विवेकानंद युवा भारती क्रीडांगण' एवढे लांबलचक नाव कोलकात्यात कोणी घेत नाही. बंगाली माणूस 'युवभारती' म्हणतो, बाकीचे सॉल्ट लेक स्टेडियम. हुगळीचा गाळ टाकून बुजवलेल्या पाणथळीवर वसलेल्या उपनगरात हे तीन मजली गॅलऱ्यांचे स्टेडियम १९८४ मध्ये सुरू झाले. त्याआधी फुटबॉल होता तो मध्यवर्ती 'मैदाना'वर आणि ईडन गार्डन्सवर. मैदानाची जमीन लष्कराच्या ताब्यात, त्यामुळे तिथल्या क्लबांच्या गॅलऱ्या लहानच राहिल्या. ईडनवर १६ ऑगस्ट १९८० रोजी मोहन बागान–ईस्ट बंगाल सामन्यात हाणामारी होऊन चेंगराचेंगरीत १६ प्रेक्षक दगावले. नवे स्टेडियम उघडले तेव्हा ती आठवण ताजीच होती.

या दोन संघांचा सामना म्हणजे 'डर्बी'. मोहन बागान मूळच्या पश्चिम बंगाली 'घोटीं'चा, तर ईस्ट बंगाल पूर्वेकडून आलेल्या 'बांगालां'चा. फाळणीनंतर निर्वासितांचे लोंढे आले आणि हे वैर घराघरांत पोचले. ते माशांतही उतरले आहे. ईस्ट बंगाल जिंकला की घरी इलिश, मोहन बागान जिंकला की कोळंबी. सामन्याच्या दिवशी ईस्टर्न मेट्रोपॉलिटन बायपासवर एका टेम्पोतून लाल-पिवळे झेंडे जातात, मागच्यातून हिरवे-मरून. दोघांच्या समर्थकांना गॅलऱ्याही वेगवेगळ्या.

१३ जुलै १९९७ च्या फेडरेशन कप उपांत्य सामन्याला १ लाख ३१ हजारांवर प्रेक्षक होते. मोहन बागानचे प्रशिक्षक अमल दत्त यांच्या 'डायमंड' व्यूहाचा आधी मोठा गाजावाजा झाला होता. पी. के. बॅनर्जींच्या ईस्ट बंगालने तो ४–१ असा मोडून काढला. त्यांत तीन गोल भायचुंग भुतियाचे. एवढी गर्दी आता होणे नाही. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकासाठी बाकांच्या जागी खुर्च्या बसल्या, कृत्रिम हिरवळ जाऊन खरे गवत आले आणि आसनसंख्या ६६ हजारांच्या आसपास उतरली. अंतिम सामना इंग्लंडने स्पेनविरुद्ध ५–२ असा जिंकला. त्याआधी २००८ मध्ये ऑलिव्हर कानने बायर्न म्युनिककडून निरोपाचा सामना इथेच खेळला, तर २०११ मध्ये मेस्सीच्या अर्जेंटिनाने व्हेनेझुएलाला हरवले. २०२० मध्ये मेट्रो दाराशी आली. पहिल्या टप्प्याचे शेवटचे स्थानक याच स्टेडियमच्या नावाचे.

पाहुणे मोठे असले तरी स्टेडियमचा शहराशी संबंध दिसला तो एका न झालेल्या सामन्यात. ऑगस्ट २०२४ मध्ये आर. जी. कर रुग्णालयातील तरुण डॉक्टरवरील बलात्कार व हत्येने शहर पेटले होते. बंदोबस्ताचे कारण देऊन १८ तारखेची ड्युरँड कप डर्बी रद्द झाली. तरीही समर्थक आले, दोन्ही क्लबांचे, शहरातल्या तिसऱ्या मोठ्या क्लबचे, मोहम्मडन स्पोर्टिंगचेही. पोलिसांनी लाठ्या चालवल्या. एका क्लबच्या समर्थकाने दुसऱ्याच्या समर्थकाला खांद्यावर घेतल्याचे छायाचित्र दुसऱ्या दिवशी सगळीकडे झळकले. मागे स्टेडियमचे दरवाजे बंदच होते.